श्वास आणि गज

नेहमीच्या बेस क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर आणि चेलोच्या सगळ्यात जाड, मोकळ्या तारेचा सूर यांच्यात फक्त अर्ध्या स्वराचं अंतर असतं. एक सूर लाकडी नळीतून येतो, दुसरा लाकडी पोकळीतून. एकाला माणसाची फुंकर लागते, दुसऱ्याला घोड्याच्या शेपटीचे केस आणि राळ. पण त्या खोल खर्जात दोघं शेजारी वाजू लागले की कान थबकतो. फुंकतंय कोण आणि घासतंय कोण? त्या थबकण्याच्या ओढीनं मी कित्येक वर्षं एका अशा संगीताच्या मागे आहे, ज्याला धड जॅझ म्हणता येत नाही आणि धड पाश्चात्त्य अभिजातही म्हणता येत नाही. पाच-सहा वादक, त्यांत एखादा सॅक्सोफोन, बासरी किंवा क्लॅरिनेट, सोबत व्हायोलिन-चेलो. थोडं कागदावर लिहिलेलं, थोडं त्या क्षणी सुचलेलं. हे ऐकणारे सगळीकडेच थोडे, आपल्याकडे तर फारच थोडे. तरी मला वाटतं, सारंगीच्या साथीनं गाणं ऐकत वाढलेल्या कानाला या संगीताचं दार उघडणं अवघड जाऊ नये.

श्वासाचा एक स्वभाव असतो. तो संपतो. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचं वाक्य त्याच्या फुप्फुसांएवढंच लांब असतं, आणि म्हणूनच जॅझमधला सॅक्सोफोन बोलल्यासारखा वाटतो. तो मध्येच थांबतो, श्वास घेतो, पुन्हा मुद्द्यावर येतो. गजाचं तसं नाही. टोकाशी पोचला की तो उलटा फिरतो आणि सूर चालूच राहतो. गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेत अखंड सूर धरण्याची युक्ती आपल्या सनईवाल्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, जॅझवाल्यांनीही ती साधली. पण त्या अखंड सुरातही एक ताण ऐकू येतो, शरीर पणाला लावल्याचा. गजाच्या सुरात तो नसतो. मला या दोघांना एकत्र ऐकायला आवडतं ते यासाठी. वाऱ्याच्या वाद्याशेजारी बसलं की तारा थांबायला शिकतात. आणि तारांशेजारी वाजवणारा फुंकवादक आपला श्वास कुठे तुटतो याबद्दल फार सावध होतो.

दोन्ही वाद्यं आपापल्या टोकाला गेली की तिथे मात्र ती एकमेकांची भाषा बोलू लागतात. क्लॅरिनेटवाला जीभ रीडला, म्हणजे पत्तीला, चिकटवतो आणि झटक्यात सोडतो. ‘टप्’ असा आवाज येतो, व्हायोलिनची तार बोटानं छेडल्यासारखा. जिभेनं ‘र्र्र’ करत फुंकलं की सूर थरथरतो, तसाच जसा गज एका जागी भराभर मागेपुढे केल्यावर थरथरतो. बासरीच्या नुसत्या चाव्या आपटल्या, फुंकर जवळजवळ नाहीच, आणि तिकडे चेलोवाल्यानं गज उलटा करून त्याची काठी तारेवर मारली, तर डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक पटकन सांगता येणार नाही. गज घोडीच्या अगदी जवळ नेला की सुराची साय फाटते आणि आतले उपस्वर किंचाळत बाहेर येतात. सॅक्सोफोनवर बोटांची आडवीतिडवी मांडणी केली, ओठांचा दाब बदलला, तर एका नळीतून एकाच वेळी दोन-तीन सूर निघतात, तेही असेच फाटलेले आणि जिवंत. जॉन कोल्ट्रेननं 1959 साली ‘हार्मोनिक’ या रचनेत हे एकाहून जास्त सूर वाजवले, तेव्हा ही विद्या एका वादकाकडून दुसऱ्याकडे कानानंच जात होती. तिच्यावरचं ‘न्यू साउंड्स फॉर वुडविंड’ हे गाजलेलं पुस्तक 1967 साली आलं, आणि ते लिहिणारा इटलीचा ब्रूनो बार्तोलोत्सी स्वतः व्हायोलिनवादक होता. तारेवर एकाच वेळी दोन सूर धरण्याची ज्याला रोजची सवय, त्याच्याच मनात नळीबद्दल हा प्रश्न यावा, हे मला फार योग्य वाटतं.

आता जरा मागे जातो. 30 नोव्हेंबर 1949. न्यूयॉर्क. चार्ली पार्कर पहिल्यांदा व्हायोलिन, व्हायोला, चेलो, हार्प आणि ओबोच्या सोबतीनं ध्वनिमुद्रण करतो. जॅझच्या जुन्या रसिकांत या ध्वनिमुद्रिकेबद्दल अजून वाद आहेत. कुणी म्हणतं, बाजारासाठी गोड केलं. पार्करला स्वतःला मात्र तिचा अभिमान होता. ‘जस्ट फ्रेंड्स’मधला त्याचा सॅक्सोफोन ऐकताना मी आजही सुखावतो. पण तिथे तारा पडद्यासारख्या मागे टांगलेल्या आहेत. रेशमी पडदा आहे, सुंदर आहे. त्याच्यापुढे एक माणूस उडतो आहे आणि त्या उडण्याची मागच्यांना दखलच नाही. आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही तारा अशाच मागे असतात. त्या वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं किती होती! गावातल्या चर्चशाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून ती मुंबईला आली. दिवसा फिल्म स्टुडिओ, रात्री हॉटेलातला जॅझ बँड. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी, ज्यांचं नाव पुढे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे घरोघरी पोचलं, 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लतादीदींच्या आवाजामागच्या त्या तारा माझ्या रक्तात आहेत, त्यांना मी कधी कमी लेखणार नाही. पण पडद्यामागे काय आहे, ही ओढही तिथूनच लागली.

पार्करला ती ओढ होती. त्यानं एडगार वारेझ या संगीतकाराकडे जाऊन शिकवण्याची विनंती केली होती. वारेझ मूळचा फ्रान्सचा, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहायचा, भोंगे आणि तालवाद्यांसाठी संगीत लिहून लोकांना चकित करायचा. पार्करला रचना शिकायची होती. ते शिक्षण झालंच नाही. 12 मार्च 1955 रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी पार्कर गेला. जॅझच्या इतिहासात अकाली मृत्यू इतके आहेत की वाचणारा निबर होतो. पण ही न झालेली शिकवणी मला अजून टोचते. त्याच वारेझनं 1936 साली ‘डेन्सिटी 21.5’ नावाची एकट्या बासरीची रचना लिहिली होती. एका वादकाच्या नव्या प्लॅटिनमच्या बासरीसाठी ती होती, आणि 21.5 ही त्या धातूची घनता. तिच्यात एका ठिकाणी बासरीच्या चाव्यांचा ठोका ऐकू येतो, सुरांइतकाच नेमका लिहिलेला. 1962 साली कॅलिफोर्नियातल्या ओहाय महोत्सवात ही रचना एका जॅझ वादकानं वाजवली. त्याचं नाव एरिक डॉल्फी.

डॉल्फीबद्दल लिहायला बसलो की मला आवरत नाही. लॉस एंजेलिसचा, जन्म 1928. ऑल्टो सॅक्सोफोन, बासरी आणि बेस क्लॅरिनेट तिन्ही सारख्याच अधिकारानं वाजवायचा. बेस क्लॅरिनेट त्याआधी वाद्यवृंदाच्या कोपऱ्यात खर्ज भरत बसलेलं असायचं. डॉल्फीनं त्याला पुढे आणलं, त्याला हसवलं, ओरडायला लावलं, खालच्या सप्तकातून वरच्या टोकाला एका उडीत नेलं. पक्षी ऐकून तो वाजवायचा. त्यांच्या दोन स्वरांमधल्या जागा त्याला हव्या असत. रविशंकरांचं वादन त्यानं मन लावून ऐकलं होतं, आणि कोल्ट्रेनच्या ‘इंडिया’त, 1961च्या नोव्हेंबरात, बेस क्लॅरिनेट घेऊन उभा होता तो हाच.

15 ऑगस्ट 1960 रोजी त्यानं ‘आउट देअर’ ध्वनिमुद्रित केलं. पियानो नाही. ड्रम्स, डबल बेस, डॉल्फीची वाद्यं, आणि चेलोवर रॉन कार्टर. हा कार्टर पुढे बेसवादक म्हणून जगभर ओळखला गेला, पण त्याचं लहानपणापासूनचं वाद्य चेलो. अभिजात वाद्यवृंदात जागा मिळावी असं त्याला वाटत होतं. काळा असल्यामुळे ती मिळणार नाही, हे त्याला लवकरच कळलं. म्हणून ‘आउट देअर’मधला चेलो मी निव्वळ प्रयोग म्हणून ऐकू शकत नाही. ज्या वाद्यासकट त्याला एका दाराबाहेर ठेवलं, तेच वाद्य तो दुसऱ्या घरात घेऊन आला आहे. तो गज कधी गुळगुळीत नाही. सॅक्सोफोनच्या बरोबरीनं मुखडा वाजवताना तो खरखरतो, बोटानं छेडत एकटा वाजू लागला की रुसल्यासारखा तुटक बोलतो, आणि डॉल्फी त्याच्यावर कधीच सावली धरत नाही. पार्करच्या मागचा तो पडदा इथे नाहीच. तारेनं तोंड फिरवून वाऱ्याकडे पाहिलं, ते मला पहिल्यांदा या मुद्रिकेत ऐकू आलं.

त्या दोन-तीन वर्षांत असे प्रयत्न चहूकडे चालले होते. संगीतकार गुंथर शुलर 1957 पासून जॅझ आणि अभिजात संगीतातून निघणाऱ्या ‘तिसऱ्या प्रवाहा’बद्दल बोलत होता. 1960च्या डिसेंबरात त्यानं सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन आणि डॉल्फी यांना व्हायोलिन-चेलोच्या चौकडीसोबत बसवून ‘जॅझ अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स’ केलं. त्याबद्दल मला आदर आहे, प्रेम नाही, कारण तिथे जोडाची शिवण दिसत राहते. स्टॅन गेट्झचं 1961चं ‘फोकस’ मात्र अजून ताजं आहे. एडी सॉटरनं तारांसाठी स्वतःच्या पायावर उभं राहणारं संगीत लिहिलं आणि सॅक्सोफोनसाठी एक ओळही लिहिली नाही. गेट्झनं ते ऐकत ऐकत आपली वाट काढली. म्हणजे इथे वाराच तारांच्या घरी पाहुणा आला. ऑर्नेट कोलमन तर याच्याही पुढे गेला. 21 डिसेंबर 1962 रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यानं स्वतःच कार्यक्रम ठेवला आणि त्यात आपली एक रचना चौघा तंतुवादकांकडूनच वाजवून घेतली. तिच्यात सॅक्सोफोन नव्हताच.

डॉल्फी 1964च्या जूनमध्ये बर्लिनला गेला, वाजवण्यासाठीच, आणि तिथेच 29 जूनला मधुमेहानं बेशुद्ध होऊन वारला. छत्तीस वर्षांचा. त्याच महिन्याच्या दोन तारखेला हॉलंडमध्ये झालेल्या एका ध्वनिमुद्रणाच्या मुद्रिकेवर त्याचा बोलण्याचा आवाजही आहे. संगीत एकदा वाजलं की हवेत विरतं, ते परत धरता येत नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. शांतपणे, तक्रारीचा सूर नाही. मी ती मुद्रिका ऐकतो तेव्हा ते बोलणं येण्याच्या आतच बहुधा थांबवतो.

आपल्याकडे पत्ती आणि गज यांची गाठ याच काळात पडलेली होती. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आणि व्ही. जी. जोग यांचं व्हायोलिन यांची जुगलबंदी अनेकांच्या घरी सकाळी लागायची, आमच्याही. सनई श्वासात जितकी लाडिक होई, तितकं जोगांचं व्हायोलिन तिच्या शेवटच्या स्वराशी येऊन लगटे, मग स्वतःचं काही सांगे, मग पुन्हा सनई. कुणी कुणावर कुरघोडी करत नसे. पण दोघांच्या पायाखाली एकच जमीन होती: एक राग, एक षड्ज, एकच आवर्तन. सारंगीवाला गायकाच्या मागून अर्धं पाऊल चालतो तेव्हाही जमीन तीच. हीच जमीन काढून घेतली आणि तरीही दोघांना एकत्र चालायला सांगितलं तर? हे संगीत माझ्यापुढे हा प्रश्न ठेवतं, आणि त्याचं सगळ्यात पुरं उत्तर मला हेन्री थ्रेडगिलकडे मिळालं.

थ्रेडगिल 1944 साली शिकागोत जन्मला. सॅक्सोफोन आणि बासरी ही त्याची वाद्यं. तरुणपणी धर्मप्रचारकाबरोबर फिरून चर्चमध्ये वाजवलं, मग सैन्यात वादक झाला. तिथे एका समारंभासाठी देशभक्तीच्या गीतांची त्यानं केलेली मांडणी वरिष्ठांना झेपली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्याची रवानगी व्हिएतनामच्या युद्धात झाली. परत आला तो शिकागोच्या त्या मंडळींत, ज्यांनी 1965 साली स्वतःची संस्था काढून काळ्या संगीतकारांनी आपलंच नवं संगीत लिहायचं आणि वाजवायचं असं ठरवलं होतं. ऐंशीच्या दशकातल्या त्याच्या मेळात चेलो होता. पुढे दोन दोन ट्यूबा आले. नव्वदच्या दशकात तो वर्षातला काही काळ गोव्यात राहू लागला. हे मला कळलं तेव्हा झालेला आनंद मी लपवत नाही. ज्या भूमीनं मुंबईला व्हायोलिन आणि सॅक्सोफोन एकाच पिशवीतून पाठवले, तिथे हा माणूस घर करून राहिला होता. त्याच्या संगीतात गोवा शोधायला मी जात नाही, तसं शोधणं त्याच्यावर अन्याय करेल. पण पावसाळ्यात कौलांवर पाणी वाजत असताना टेबलाशी बसून तो स्वरांची अंतरं मांडत असेल, हे चित्र मनात येतं आणि मी ते येऊ देतो.

स्वरांची अंतरं, हाच त्याच्या ‘झूइड’ या मेळाचा पाया. जीवशास्त्रात झूइड म्हणजे मोठ्या सजीवाचा भाग असूनही स्वतःची हालचाल स्वतः करणारा घटक. थ्रेडगिल वादकांना राग देत नाही, सप्तक देत नाही, जॅझची नेहमीची स्वरसंगतींची साखळीही देत नाही. प्रत्येकाला तो स्वरांतरांचा एक छोटा संच देतो. समजा, सा ते कोमल गंधार एवढी एक उडी, सा ते मध्यम एवढी दुसरी, आणखी एक तिसरी. या उड्या कुठल्याही स्वरावरून मारता येतात. थोड्या वेळानं संच बदलतो. प्रत्येकानं आपल्या संचात राहून सुचेल ते वाजवायचं, आणि शेजारच्याचं सतत ऐकायचं. या विचारामागची एक प्रेरणा वारेझ आहे, असं तो सांगतो. पार्कर ज्याच्या दाराशी शिकायला गेला, डॉल्फीनं ज्याची बासरी वाजवली, तोच वारेझ. जी शिकवणी 1955 साली राहून गेली ती या वाटेनं कुठेतरी पुरी झाली, असं मी मानतो.

झूइडमध्ये थ्रेडगिलची बासरी किंवा सॅक्सोफोन, चेलो, गिटार, ट्यूबा आणि ट्रॉम्बोन वाजवणारा एकजण, आणि ड्रम्स. 2001च्या पहिल्या मुद्रिकेत अरबी ऊदही होता. ऐकताना मला जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं आठवतात. प्रत्येकाची चूल वेगळी, उठायची वेळ वेगळी, पण आड एकच, आणि कोण कधी पाण्याला येतं ते सगळ्यांना ठाऊक. चेलो एका लांब वाक्यात अडकलेला असतो, गिटार त्याच्या अंगावरून छोटी छोटी पावलं टाकत जाते, ट्यूबा खालून नाचतो. हो, नाचतो, एवढं अवजड वाद्य इतकं हलकं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मग अचानक बासरी येते. ती आली म्हणून कुणी बाजूला सरत नाही.

माझा एक मित्र तबला वाजवतो. त्याला मी हे ऐकवलं. मांडीवर बोट चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं.

“अरे, सम कुठंय याची?”

“ट्यूबा धरून ठेव,” मी म्हटलं. “बाकी सगळं सोड.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “प्रत्येकाचं आवर्तन निराळं आहे रे. आणि तरी कुणी चुकत नाहीये.” त्या दिवशी त्यानं तो एक भाग परत परत लावायला लावला.

तो भाग ‘इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड’मधला होता. 2015 सालच्या या रचनेला 2016चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. जॅझच्या अंगणातून आलेल्यांत त्याआधी विंटन मार्सालिसला 1997 साली आणि ऑर्नेट कोलमनला 2007 साली ते मिळालं होतं. रचनेत दोन छोटे आणि चार मोठे भाग. चार मोठ्या भागांपैकी प्रत्येक एका वाद्याला वाहिलेला आहे: एक ड्रम्सना, एक चेलोला, एक ट्रॉम्बोन-ट्यूबाला, एक गिटारला. बासरी आणि सॅक्सोफोन यांच्या नावाचा भाग नाही. थ्रेडगिलनं ही रचना लिहिली, तो तिच्यात वाजवतोही, आणि स्वतःच्या वाद्यांना त्यानं मानाचं पान मांडलेलं नाही. 1949 साली तारांच्या पुढे एकटा उडणारा सॅक्सोफोन ज्यानं मनापासून ऐकला आहे, त्यानं चेलोचा तो भाग, ‘दोसेपिक’, ऐकावा. ख्रिस्तोफर हॉफमनचा गज तिथे आधी वाट पाहतो, मग एकेक वाक्य जोडत जातो, आणि वारा त्याच्या भोवती असतो, वर नसतो.

2022च्या मे महिन्यात ब्रुकलिनच्या रुलेट या सभागृहात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या थ्रेडगिलनं बारा वादकांसाठी नवी रचना सादर केली. पुढच्या वर्षी ती ‘दि अदर वन’ या नावानं आली. त्यात तीन सॅक्सोफोन आहेत, दोन बासून ही फुंकवाद्यं आहेत, व्हायोलिन, व्हायोला, दोन चेलो, ट्यूबा, पियानो आणि तालवाद्यं आहेत. बासूनची पत्ती सनईसारखी दुहेरी असते, आणि ती व्हायोलाच्या जवळ येते तेव्हा एक नाकातला, किंचित ओला आवाज तयार होतो, जो मी आधी कुठल्या मेळात ऐकला नव्हता. थ्रेडगिल स्वतः त्यात काहीच वाजवत नाही. तो समोर उभा राहून मेळ चालवतो.

ही रचना मिलफर्ड ग्रेव्ह्ज या ड्रमवादकाला अर्पण केलेली आहे. ग्रेव्ह्ज 2021 साली गेला. हृदयाच्या ठोक्यांची लय त्यानं आयुष्यभर ऐकली, नोंदली, तिच्यावर आपलं वादन उभं केलं; ठोके घड्याळासारखे समान पडत नाहीत, हे तो सांगत असे. साठच्या दशकात त्यानं तबलाही शिकून घेतला होता. मी हे मित्राला फोनवर सांगितलं, आणि येत्या रविवारी व्हायोला-बासूनचा तो भाग ऐकायला ये म्हणालो.

“तो नंतर,” तो म्हणाला. “आधी मला हा ग्रेव्ह्ज ऐकव.”